मुंगी चावल्यासारखं नाही होत: लहान मुलाला ॲडमिट करताना

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना डेंग्यूने सहा दिवस ॲडमिट होती. पहिल्या दिवशी सिस्टर रक्त काढायला आल्या तेव्हा मी तिला म्हटलं, "काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं होईल." तिने विश्वासाने हात पुढे केला. शीर सापडली नाही, दुसऱ्यांदा टोचावं लागलं. ती रडली, ते तर होणारच होतं. मला लक्षात राहिली ती संध्याकाळ. सिस्टर नुसता थर्मामीटर घेऊन आल्या, तर तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट त्यांनाच विचारलं, "हे दुखतं का?" माझा शब्द त्या दिवसापासून बाद झाला होता. पुढे रोज प्लेटलेट्ससाठी रक्त, दोनदा सलाईनची जागा बदलली, आणि प्रत्येक वेळी ती माझ्याऐवजी समोरच्याचा चेहरा वाचत होती.

नंतर बालरोगतज्ज्ञांशी, वॉर्डातल्या सिस्टरांशी बोलून आणि वाचून जे कळलं ते इथे लिहिते आहे. ॲडमिट करताना आपल्या हातात डिपॉझिटची पावती, औषधांची यादी, मेडिक्लेमचा फॉर्म असं बरंच काही येतं. मुलाला काय सांगायचं, त्याचा कागद मात्र त्यात नसतो.

"किती गुणी बाळ आहे!"

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ब्रिटनमध्ये मूल ॲडमिट झालं की आईवडिलांना घरी पाठवून देत. काही हॉस्पिटलांत आठवड्यातून एकदा दोन तास भेट, काही ठिकाणी मूल झोपल्यावर लांबून बघायचं, एवढंच. आई दिसली की मुलं रडतात, आई नसली की शांत असतात, म्हणून आई नसलेलीच बरी, असा त्यामागचा हिशेब. वरवर बघता तो बरोबरही वाटे.

जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाला तो पटला नाही. युद्धाच्या काळात तो बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉईड यांच्या पाळणाघरात बॉयलर सांभाळायच्या कामावर होता. तिथेच मुलांचं निरीक्षण करायला शिकला आणि पुढे लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करू लागला. वॉर्डात बसून त्याने तीन टप्पे टिपले. आधी मूल रडतं, ओरडतं, दाराकडे बघत राहतं. मग आवाज बंद होतो, ते कोमेजून पडून राहतं. शेवटी पुन्हा खेळायला, खायला लागतं, पण आई आली तरी तिच्याकडे फारसं जात नाही. ज्याला वॉर्ड "रुळलं" म्हणत होता, ती मुलाने सोडून दिलेली आशा होती.

सांगून कुणी ऐकेना, म्हणून त्याने कॅमेरा घेतला. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस ॲडमिट असलेल्या दोन वर्षं पाच महिन्यांच्या एका मुलीचं चित्रण करून 1952 मध्ये तो लघुपट डॉक्टरांना दाखवला. ती मुलगी फार रडत नाही, हुंदका आवरते, मध्येच हळूच "माझी आई कुठंय?" असं विचारते. घरी जाताना स्वतःच्या सगळ्या वस्तू उचलते, पण आईचा हात धरत नाही. बरेच डॉक्टर चिडले. पण 1959 मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईवडिलांना मोकळेपणी भेटू द्यावं अशी शिफारस केली आणि वॉर्डांची दारं हळूहळू उघडली.

यात आपल्यासाठी एक गंमत आहे. आपल्या सरकारी हॉस्पिटलांच्या जनरल वॉर्डात आई कॉटखाली सतरंजी टाकून झोपते, कारण मुलाला भरवायला, पुसायला, शी-शू काढायला पुरेसे हात नसतात. टंचाईपोटी का होईना, इंग्लंडच्या आयांना भांडून मिळवावं लागलं ते इथे सहज होतं. उलट काचेमागच्या चकाचक आयसीयूत आपण अजून "भेटायची वेळ अकरा ते साडेअकरा" ऐकतो. संसर्गाची काळजी खरी असते, त्यासाठीचे नियम पाळायलाच हवेत. पण नवजात बालकांच्या सरकारी कक्षांतसुद्धा आता आईवडिलांना हात धुणं, गाऊन घालणं शिकवून बाळाच्या काळजीत सामील करून घेण्याचं धोरण आहे. तेव्हा "मला जास्त वेळ थांबता येईल का? त्यासाठी मी काय पाळायचं?" असं विचारायला संकोच नको.

आणि वॉर्डात कुणी "किती शांत आहे हो तुमचं बाळ" म्हटलं, तर हरखून जाण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांकडे बघा.

कुणाला कशाची भीती

अगदी तान्ह्या बाळाला हॉस्पिटल कळत नाही. त्याला वास कळतो, आवाज कळतो, कातडीची ऊब कळते. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर, म्हणजे बाळाला उबेत ठेवायच्या पेट्या, पुरेनात म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात झाली, तीच आपल्याकडची कांगारू मदर केअर. आधी बाळ जरा स्थिर झाल्यावर ती सुरू करत. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात एक ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी घेतलं, तर मृत्यू साधारण चतुर्थांशाने कमी झाले. म्हणजे आईची छाती ही लाडाची गोष्ट नाही, उपचार आहे.

सहा-सात महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत सगळ्यात मोठी भीती ताटातुटीची. या वयाला "बाबा चार वाजता येतील" चा काही उपयोग नाही, चार म्हणजे काय ते त्याला माहीत नसतं. "तुझं दूध पिऊन झालं की बाबा येतील" हे कळतं. आणि मूल झोपलेलं बघून गुपचूप सटकू नका. एकदा तसं झालं की ते झोपायलाच घाबरतं. रडलं तरी चालेल, सांगून जा. जाताना काहीतरी मागे ठेवा. आपल्याकडे यासाठी गोधडी आहे. घरची, न धुतलेली, आजीच्या जुन्या लुगड्याची असेल तर उत्तमच.

तीन ते सहाचं वय मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण या वयात कल्पना आणि खरं यांच्यातली भिंत पातळ असते. दोन गोष्टी घडल्या की एकीमुळे दुसरी झाली, असं मूल धरून चालतं. काल ताईला मारलं, आज ताप आला, म्हणजे ही शिक्षा. त्यात आपण घराघरांतून वर्षानुवर्षं पेरून ठेवलेलं असतंच: "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील हं!" मग खरोखर सुई आली की मूल मनात विचारतं, मी काय केलं? ही धमकी आजपासून बंद करणं ही हॉस्पिटलची पहिली तयारी, आणि तिला पैसे पडत नाहीत. आजारी असताना तर आपणहून सांगायचं, "तू काही चूक केलीस म्हणून हे झालेलं नाही. डास चावला म्हणून झालं."

सातच्या पुढच्या मुलांना शरीराची काळजी लागते. आत काय करणार, डाग राहील का, शाळा किती बुडेल. त्यांना चित्र काढून दाखवलं तर निम्मी भीती जाते. तेरा-चौदाच्या मुलामुलींना तर सुईपेक्षा लाज मोठी असते. पडदा ओढणं, तपासताना खोलीत कोण थांबणार हे त्यांना विचारणं, डॉक्टरांशी एकटं बोलू देणं, मुलीला पाळी आली असेल तर सिस्टरना हळूच सांगणं, ही त्यांची गोधडी.

थिएटर म्हणजे सिनेमा नव्हे

आपण बोलतो ते मूल शब्दशः ऐकतं. "थिएटरमध्ये नेणार आहेत" म्हटल्यावर सिनेमा समजून खूश झालेलं मूल दाराशी हिरव्या कपड्यातली माणसं बघून बिथरणार नाही तर काय? "टेस्ट" म्हटलं की नापास व्हायची भीती. "भूल देणार" याचा अर्थ मोठ्यांनाही धड सांगता येत नाही. "झोपवणार" म्हणावं तर आजोबा झोपले ते परत उठले नाहीत, हे घरात कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. त्यापेक्षा एवढंच म्हणावं: "डॉक्टर एक औषध देतील, त्याने वेगळी झोप लागते. त्या झोपेत काही दुखत नाही. काम होईपर्यंत ते डॉक्टर तुझ्याजवळच बसतात आणि झालं की तू उठतोस."

रक्त काढतात तेव्हा मुलांना वाटतं आपलं सगळं रक्त संपणार. पंधरा किलोच्या मुलाच्या अंगात एक लिटरहून थोडं जास्त रक्त असतं आणि नळीत जातं ते बहुतेक वेळा अर्ध्या चमच्याच्या आसपास. पाण्याची लिटरची बाटली आणि चहाचा चमचा समोर ठेवून दाखवा. टोचलेल्या जागी पट्टी लावा, रक्त थांबलेलं असलं तरी. चार वर्षांच्या माणसाच्या मते त्या भोकातून उरलेलं सगळं गळून जाऊ शकतं.

सलाईनबद्दल मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशी एक गोष्ट: हातात सुई राहत नाही. सुईने फक्त वाट करतात, ती लगेच काढून घेतात आणि आत मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी उरते. माझी मुलगी दोन दिवस हात फळीसारखा ताठ धरून बसली होती, कारण हलवला तर सुई आत टोचेल असं तिला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

सांगायचं कधी? दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी पुरे. आधी सांगून फक्त झोप उडते. चार ते सहाला दोन-तीन दिवस आधी. त्याहून मोठ्यांना आठवडाभर आधी, म्हणजे प्रश्न विचारायला वेळ मिळतो. अचानक ॲडमिट करावं लागलं तर रिक्षात बसल्या बसल्या. आणि जे माहीत नाही ते "माहीत नाही, आपण विचारू" असंच सांगायचं.

सुईची पाच मिनिटं

मुलाला आडवं करून चौघांनी हातपाय दाबून धरणं, ही पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. घाईच्या प्रसंगी इलाज नसतो. पण एरवी मुलाला मांडीवर, आपल्या छातीला छाती लावून बसवता येतं. त्याचे पाय आपल्या कमरेभोवती, एक हात आपल्या काखेतून मागे, दुसरा सिस्टरकडे. हालचाल तितकीच थांबते, पण दाबून धरल्याची भावना मिठीची होते. लसीकरणाच्या वेदनेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेल्या सूचनांत मुलाला कुशीत धरणं आणि तान्ह्याला टोचताना अंगावर पाजणं या दोन्ही गोष्टी आहेत.

जागा बधिर करणारं मलमही मिळतं. त्याला काम करायला साधारण तासभर लागतो, म्हणून आधी विचारावं लागतं. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच लावायचं, तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर विशेष. सलाईन कुठल्या हाताला लावायचं तेही विचारण्यासारखं आहे. मूल उजव्या हाताने चित्रं काढत असेल किंवा डावा अंगठा चोखून झोपत असेल, तर ते सिस्टरना आपणच सांगायला हवं. जमत असेल तर टोचणं, रक्त काढणं ड्रेसिंगच्या खोलीत करा अशी विनंती करावी, म्हणजे स्वतःची कॉट तरी मुलाला सुरक्षित वाटते.

आता बोलायचं काय? मुलांच्या वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांना एक चमत्कारिक गोष्ट वारंवार आढळली आहे. सुईच्या वेळी आईवडील "काही नाही, काही नाही, झालं झालं" असा धीर जितका जास्त देतात, तितकं मूल जास्त घाबरलेलं दिसतं. विचार केला तर पटतं. "काही नाही" हे आपण एरवी कधी म्हणतो? काहीतरी असतं तेव्हाच. शिवाय आपला आवाज कापत असतो. "सॉरी बाळा" चंही तेच. त्यापेक्षा एकाच माणसाने बोलावं, खरं आणि थोडक्यात: "टोचेल. मी पाच मोजेपर्यंत. तू फुंकर मारत राहा." साबणाचे फुगे, भिरभिरं, काहीच नसेल तर माझ्या बोटांच्या पाच मेणबत्त्या. फुंकर मारताना लक्ष तर जातंच, आखडलेलं अंगही सैल पडतं. मोबाईलला मी नाकं मुरडणार नाही, पण दिवसभर हातात दिलेला मोबाईल ऐन सुईच्या वेळी निकामी ठरतो. राखून ठेवा.

निवड द्यावी, पण खोटी नको. "इंजेक्शन घ्यायचं का?" याचं उत्तर "नाही" असणार आणि ते आपण मानणार नाही. "मांडीवर बसून की खुर्चीत? बघणार की तोंड वळवणार?" या निवडी खऱ्या आहेत. आणि "मुलगा असून रडतोस?" हे वाक्य मामा, आजोबा, वॉर्डबॉय कुणाकडूनही आलं तरी तिथल्या तिथे थांबवावं. रडून सुई घेता येते.

उपाशी सकाळ आणि जागं होणं

ऑपरेशनआधी उपाशी का ठेवतात? भुलेत घशाची राखण सैल पडते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून साधारणपणे जेवण सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, आणि साधं पाणी बऱ्याच वेळा दोन तास आधीपर्यंत चालतं. पण "रात्री दहानंतर काही नाही" एवढाच निरोप मिळतो, ऑपरेशनचा नंबर दुपारी एकला लागतो आणि मूल भुकेने नव्हे, तहानेने कासावीस होतं. "पाणी नक्की कितीपर्यंत देऊ?" हा एक प्रश्न भूलतज्ज्ञांना विचाराच आणि ते सांगतील तेच पाळा. आजीला मात्र विश्वासात घेऊन सांगून ठेवा. "एकच मारी दिलं हो, बघवेना" यापायी ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

भुलेचा मास्क आधी हातात घेऊन बघायला मिळाला, बाहुलीला लावता आला, तर फार बरं. काही ठिकाणी मूल झोपेपर्यंत आईला किंवा वडिलांना आत थांबू देतात, विचारायला हरकत नाही. पण आपलंच अवसान गळणार असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवण्यात कमीपणा नाही.

आणि हे आधीच माहीत हवं: भुलेतून बाहेर येताना काही मुलं, विशेषतः दोन ते सहा वर्षांची, किंचाळतात, लाथा झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. आईवडिलांना वाटतं मेंदूला काही झालं. हा भुलेच्या औषधाचा उतार असतो. बहुधा दहा मिनिटं ते अर्ध्या तासात ओसरतो आणि मुलाला नंतर आठवतही नाही. नळ्या उपटू नयेत एवढं सांभाळायचं, हळू आवाजात बोलायचं, समजावत बसायचं नाही. सिस्टर जवळ असाव्यात, कारण वेदनेमुळेही मूल असंच रडू शकतं आणि ते त्यांनाच ओळखता येतं.

वेदना किती, हे तीन वर्षांवरचं मूल स्वतः सांगू शकतं. त्यासाठी हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता असतो, मूल बोट ठेवतं. वॉर्डात नसेल तर वहीवर काढा. फक्त एक लक्षात असू द्या, "दुखतंय म्हटलं तर परत इंजेक्शन देतील" या भीतीने मुलं खोटं हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतात.

कॉटभोवती

लांबच्या मुक्कामात दिवसाला आकार लागतो. अंघोळ किंवा अंग पुसणं, गोष्ट, खेळ, संध्याकाळी घरी म्हणत असाल तर शुभंकरोती, ठरल्या वेळी दिवा मालवणं. भेटायला येणाऱ्यांची जत्रा मुलाला दमवते. त्यातून कुणी कॉटशेजारी उभं राहून "आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा याच डेंग्यूने..." असं सुरू करतं. मूल झोपलेलं दिसलं तरी ऐकत असतं. प्लेटलेट्सचे आकडे, बिलाची चर्चा बाहेर व्हरांड्यात. घरी राहिलेल्या भावंडाला विसरू नका, त्यालाही वाटतं आपल्यामुळेच झालं.

भाषेचा मुद्दा आपण शहरातले विसरतो. मेळघाटातल्या कोरकू घरातलं मूल पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे कुपोषित मुलांच्या उपचार केंद्रात, साधारण चौदा दिवस राहतं, तेव्हा डॉक्टरांची मराठी त्याला परकी असते. तिथे आईलाही मुलासोबत ठेवतात आणि बुडीत मजुरी देतात. ती मिळाली नाही तर आई घरी जाते आणि उपचार अर्ध्यावर राहतात. परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये कॅन्सरच्या उपचारासाठी देशभरातून मुलं येतात, महिनोन्‌महिने राहतात. 2006 पासून सेंट ज्यूड इंडियासारखी संस्था अशा कुटुंबांना विनामूल्य निवारा देते आहे, कारण फुटपाथवर झोपलेली आई मुलाला धीर कुठून देणार? मुलाचं बरं वाटणं हे आईच्या डोक्यावरच्या छपरापासून सुरू होतं. हे आपल्यालाही लागू आहे. पाळी लावा, जेवा, एक रात्र बाबांना किंवा मावशीला बसवा.

घरी आल्यावर

घरी आलं की संपलं, असं नसतं. सहा वर्षांचा घोडा पुन्हा गादी ओली करतो, बाटलीने दूध मागतो, आई मोरीत गेली तरी दाराशी बसतो, रात्री दचकून उठतो. बहुतेक मुलांचं हे काही आठवड्यांत आपोआप निवळतं. रागावून लवकर निवळत नाही. भातुकलीत बाहुलीला दिवसाला वीस इंजेक्शनं दिली जातात, देऊ द्या, सुई नसलेली सिरिंज हातात द्या. महिना उलटला तरी झोप, जेवण, शाळा रुळावर येत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, ते समुपदेशकाकडे पाठवतील.

माझ्या मुलीचा पाच वर्षांचा बूस्टर डोस त्यानंतर काही महिन्यांनी आला. सकाळी दूध पिता पिता तिने विचारलं, "आज सुई आहे?" मी म्हटलं, "आहे. एकच. टोचेल." तिने तिथूनच रडायला सुरुवात केली, रिक्षात रडली, दवाखान्याच्या पायऱ्यांवर रडली. आत माझ्या मांडीवर बसली, बाही स्वतः वर केली आणि डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "मोज."